कस्तुराच्या मैदानावरचं कडं

मी एक लोखंडी कडं बोलतंय. हातात घालायचं कडं नव्हे. शाळेच्या मैदानात, बाभळीच्या फळ्यांवर, जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर आडवं बसवलेलं असतं ना, ते. दिनकरराव मास्तर मला रिंग म्हणायचे. गावानं आधी कडं म्हटलं, मग हळूहळू मास्तरांचाच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

वालूरच्या पुढं दोन कोसांवर, सडकेला लागून आमचं गाव. माझ्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला भीमनगर. मधे शाळेचं मैदान, आणि मैदानाच्या टोकाला मी. पंधरा वर्षं मी इथंच आहे. कुठं गेलं नाही, कुठं जाणारही नव्हतं. जे पाहिलं ते इथूनच पाहिलं, आणि जे ऐकलं ते माझ्या खांबाला टेकून बसलेल्या माणसांकडून ऐकलं. त्यातलं माझं स्वतःचं थोडंच आहे. बाकीचं कस्तुराचं आहे आणि तिच्या आईचं, सरजाबाईचं.

लोखंडाला भट्टीच्या आधीचंही आठवतं. कडं होण्याआधी मी एका खिडकीत उभं होतं, दोन गजांच्या रूपात. ती खिडकी भीमनगरातल्या सिताराम धापसेच्या घराची. सिताराम सेलूला गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. स्वतःच्या हातानं त्यानं एका खोलीचं घर बांधलं आणि सरजाबाईनं हट्ट धरला म्हणून सडकेच्या बाजूला खिडकी ठेवली. "दळताना उजेड पायजे मला," असं ती म्हणाली होती. साऱ्या भीमनगरात तेवढी एकच खिडकी.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, रेडिओवर बातमी सांगितली गेली आणि आठ-दहा दिवसांत मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या. आमच्या गावात दिवेलागणीच्या वेळी माणसं चालून आली. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात रॉकेलचे पेटते बोळे. पहिला बोळा माझ्या दोन गजांच्या मधून आत पडला. मला तो अडवता आला नाही. सरजाबाईनं तेरा वर्षांच्या कस्तुराला ओढत मागच्या दारानं बाहेर काढलं आणि सितारामसकट तिघंही उभ्या ज्वारीत शिरली. दोन दिवस तिथंच होती. परत आली तेव्हा चार भिंती काळ्या झालेल्या आणि राखेत मी वाकडंतिकडं पडलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात सितारामनं पुन्हा घर उभं केलं. या खेपेला खिडकी ठेवली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये दिनकरराव मास्तर आमच्या शाळेत बदलून आले. ड्रिलचे मास्तर. कानाशी केस पिकलेले, चाल तरण्या पोरासारखी. निजामाच्या काळात शिकायला हैदराबादला होते, तिथं बास्केटबॉल शिकले आणि तो खेळ त्यांच्या अंगात मुरून बसला. शाळा कमिटीपुढं त्यांनी रिंग मागितली. कमिटीचे अध्यक्ष गावचे मोठे जमीनदार व्यंकटराव. ते म्हणाले, "मास्तर, कबड्डी खेळवा, खो-खो खेळवा. हे मडमांचे खेळ इथं कामून?"

मास्तर हटले नाहीत. सटवाजी लोहाराकडं गेले. सटवाजी म्हणाला, "घडवून देतो, पर लोखंड कुठंय?" सिताराम तिथंच कुदळीला धार लावायला बसला होता. तो म्हणाला, "माझ्याकडं दोन गज पडून हायत. घेऊन जावा."

"अरे, तुझ्या खिडकीला लागतील की."

"आता खिडकी न्हाई मास्तर. पोरीबाळीचं घर हाय."

सटवाजीनं दोन्ही गज तापवले, सरळ केले, वाकवले आणि टोकाला टोक जोडून माझं कडं केलं. एकाच गजाचं असतं तर एक सांधा पडला असता. मला दोन आहेत. अंबाडीच्या सुताची जाळी सितारामनंच वळून दिली. मैदानात माझ्यासारखं मी एकटंच होतं. समोरच्या टोकाला दुसरी रिंग नव्हतीच. आमच्या पोरी पहिल्यांदा सेलूला खेळायला गेल्या तेव्हा दोन रिंगा बघून एकमेकींकडं पाहत राहिल्या म्हणे.

कस्तुरा तेव्हा आठवीत होती. चौदाव्या वर्षीच उंचीनं मास्तरांच्या कानापर्यंत पोचायची. पोरं तिला शिडी म्हणायची, म्हणून ती खांदे वाकवून, मान खाली घालून चालायची. एक दिवस ती सरपणाची मोळी घेऊन मैदानातून घराकडं निघाली होती. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. मास्तर म्हणाले, "टाक इकडं." तिनं मोळी उतरवली, चेंडू उचलला, एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि फेकला. त्या चेंडूचा मला स्पर्शही झाला नाही. मधून नुसता वारा गेल्यासारखं वाटलं. जाळी हलली तेव्हा कळलं.

मास्तर सरजाबाईकडं परवानगी मागायला गेले नाहीत. सरजाबाईच दुसऱ्या दिवशी भांडायला मैदानात आली.

"मास्तर, आधीच ही ताडावानी वाढायलीय. उड्या मारमारून आनखी वाढली तर नवरा कुठून आनू मी?"

"सरजाबाई, नवऱ्याचं पुढं बघू. हिचे हात बघा. हैदराबाद सोडल्यापासून असे हात मी पाहिले नाहीत."

सरजाबाईनं खरंच लेकीचे हात धरून उलटेपालटे करून पाहिले. तिला त्यात ज्वारीच्या ताटानं कापलेल्या रेघांशिवाय काही दिसलं नाही. पण पोरगी मान वर करून उभी होती. ती कधी अशी उभी राहात नसे. सरजाबाई लेकीला तिथंच सोडून कामाला निघून गेली आणि तीच परवानगी झाली.

कस्तुराची जोडीदारीण गीता. व्यंकटरावांची धाकटी लेक. कस्तुरा जेवढी उंच तेवढी ही बुटकी, पण पारा पळावा तशी पळायची. गीतानं चेंडू काढून द्यायचा आणि कस्तुरानं तो माझ्यात टाकायचा, असं त्यांचं जमून गेलं. न बघताही दोघींना एकमेकींचा ठाव लागायचा.

तेव्हा मैदानाच्या कडेला दोन माठ असायचे. गावातल्या पोरींचा वेगळा, भीमनगरातल्यांचा वेगळा. एका संध्याकाळी पळून पळून घसा कोरडा पडलेली गीता जवळचा माठ दिसला तिथं गेली आणि पाणी प्याली. तो दुसरा माठ होता. गीतानं ओठ पुसले आणि म्हणाली, "ह्याचं पानी जास्त गार हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडचा माठ फुटलेला होता. मास्तर म्हणाले, माझीच ठेच लागली. मास्तरांना ठेच कशी लागली ते मी वरून पाहिलं होतं. त्यानंतर एकच माठ राहिला.

व्यंकटराव रागावले. चार दिवस गीता मैदानात आली नाही. पण पाचव्या दिवशी तालुक्याचे सामने होते, आमच्या पोरी जिंकल्या तर वर्तमानपत्रात गावाचं नाव येणार होतं. व्यंकटरावांनी लेकीला धाडलं आणि पोरींना न्यायला स्वतःचा ट्रॅक्टरही दिला. माणसं अशी असतात. मी त्यांना फार दोष देत नाही, पण विसरतही नाही.

त्यापुढचं मी ऐकीव सांगतंय. सेलू जिंकलं, मग परभणी. कस्तुरा विभागाच्या संघात गेली, बारावीत असताना राज्याच्या. परभणीच्या कॉलेजात शिकायला गेली आणि विद्यापीठाच्या संघाची कप्तान झाली. नागपूरला अंतिम सामन्यात एकटीनं एकतीस गुण केले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तो मास्तरांनी शाळेच्या फळ्यावर डकवला. सिताराम रोज कामावरून येताना शाळेत डोकावून तो बघायचा. वाचता येत नव्हतं, म्हणून कुणाकडून तरी पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचा.

ती गावी यायची तेव्हा आधी घरी जायची नाही. एसटीतून उतरली की पिशवी खांद्यावर तशीच घेऊन माझ्याकडं. सरजाबाई भाकरी टाकायची सोडून मैदानाच्या बांधावर येऊन बसायची.

"आगं, आधी तोंड तर धू. जेव दोन घास."

"माय, एवढा एक जाऊ दे."

असे किती 'एवढा एक' व्हायचे. अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला की मग मायलेकी घरी जायच्या.

गीताचं लग्न होऊन ती बोरीला गेली. कस्तुरासाठीही स्थळं यायची. मुलीची उंची बघून परत जायची, किंवा कस्तुराच त्यांना परत पाठवायची. बी.ए. होऊन ती परभणीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. दर रविवारी गावी येऊन ती आमच्या पोरींना शिकवायची. दोन्हीकडच्या. पोरी तिला बाई म्हणायच्या. ओरडायची नाही. पोरगी चुकली की जवळ जाऊन तिचा कोपर दोन बोटांनी वर करायची आणि म्हणायची, "आता टाक." तेवढ्यानं चेंडू सरळ यायचा. माझ्या अंगावर आपटणारे चेंडू त्या दिवसांत कमी झाले होते.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं पत्र तिला आलं होतं. पुढच्याच महिन्यात जायचं होतं. एका रविवारी ती आली ती माझ्या खांबाला टेकून बसूनच राहिली. पोरींना बसल्या जागेवरून सांगत होती. एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमचे डोळे पिवळे दिसायलेत."

"काही न्हाई गं. माय औषध करायलीय."

जाताना तिनं एकदा चेंडू हातात घेतला. टाकला नाही. पोरीच्या हातात दिला आणि हळूहळू घराकडं गेली. ती पाठमोरी मला शेवटची दिसली.

दोन आठवड्यांनी ती परभणीच्या दवाखान्यातून परत आली ती जीपमध्ये, पांढऱ्या चादरीखाली. चोवीस वर्षं वय. कावीळ झाली होती, मेंदूवर गेली, एवढंच पोरी माझ्याखाली बोलत होत्या. अंत्ययात्रा मैदानातूनच गेली, कारण भीमनगरातून बाहेर पडायचा सरळ रस्ता तोच. मास्तर बिनचपलेचे पुढं चालत होते. सिताराम माझ्या खांबापाशी आला तेव्हा थांबला. वर जाळीकडं पाहिलं, ती त्यानंच दसऱ्याला नवी वळली होती. मग दोघांनी त्याला धरून नेलं.

गीता बोरीहून आली. बापाच्या घरी न जाता सरळ धापसेंच्या घरी गेली. पाच दिवस तिथंच राहिली, तिथंच जेवली. व्यंकटरावांनी निरोप धाडला तेव्हा म्हणाली, "सांगा, बहिणीच्या दुखवट्याला बसले म्हणावं."

वर्षश्राद्ध वगैरे त्यांच्यात नसतं. पण वर्ष भरताना मास्तर आणि गीतानं मिळून ठरवलं की कस्तुराच्या नावानं मुलींचे सामने भरवायचे, दर वर्षी, याच मैदानात. मास्तर निवृत्तीला आले होते. त्यांनी धावपळ करून समोरच्या टोकाला दुसरी रिंग बसवून घेतली. सेलूहून पेंटर आला. पत्र्याच्या पाटीवर निळ्या अक्षरांत त्यानं लिहिलं, 'कस्तुरा सिताराम धापसे स्मृती मुलींचे बास्केटबॉल सामने'. पाटी माझ्या डोक्यावर, फळ्यांच्या वरती बसली. मला वाटलं, आता ती कायमची इथं राहील.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर डांबर फासलेलं होतं.

कुणी फासलं ते मी सांगणार नाही. सांगून त्या माणसाला सोडून दुसऱ्यालाच मार बसेल. दहा वाजेपर्यंत मैदानाच्या एका बाजूला भीमनगरातले तरुण जमले, दुसऱ्या बाजूला गावातले. मधे मोकळी जागा, तिथं मास्तर एकटे हात जोडून दोन्हीकडं फिरत होते. कुणाच्या हातात दगड होते. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा अठ्ठ्याहत्तर करायचंय का?" मी ते शब्द ऐकले आणि भर उन्हात थंड पडलं.

तेवढ्यात सरजाबाई आली. एका हातात शाळेतलं स्टूल, दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली आणि फडकं. दोन्ही जमावांच्या मधून ती सरळ चालत माझ्यापर्यंत आली. पाटी बसवताना मास्तरांनी टेकवलेली शिडी अजून तिथंच होती. स्टूल टाकून देऊन ती शिडीवर चढली. सगळ्यांना वाटलं, डांबर पुसायला चढली. गीता खालून म्हणाली, "मावशी, मी पुसते. तुमी उतरा." सरजाबाई ऐकायला तयार नव्हती. तिनं डांबर पुसलं. खालून निळी अक्षरं पुन्हा दिसायला लागली. जमावातून कुणीतरी जयजयकार सुरू केला.

पण तिचा हात थांबेना. डांबर संपलं तरी ती पुसतच राहिली. 'कस्तुरा' पुसलं. मग 'सिताराम'. मग 'धापसे', 'स्मृती'. 'मुलींचे बास्केटबॉल सामने' एवढंच उरलं तेव्हा ती थांबली.

व्यंकटराव पुढं आले. इतके दिवस ते तिला सरजे म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "सरजाबाई, राहू द्या नाव. मी उभा राहतो हितं. बघू कोन हात लावतो."

ती शिडीवरूनच म्हणाली, "तवा कुठं हुता, मालक?"

व्यंकटराव दोन पावलं मागं सरले.

"नाव नगं मला," ती म्हणाली. "नावापाई एकदा घर गेलं. आता कोनाचं लेकरू जायला नगं. खेळ होऊ द्या. नाव नगं."

ती खाली उतरली. गीता तिच्या गळ्यात पडून रडली. सरजाबाई रडली नाही. रॉकेलचे हात लुगड्याला पुसत घरी गेली.

त्या दिवशी डोकी फुटली नाहीत. सामने झाले, दर वर्षी होत राहिले. लोक त्यांना नुसतं 'मुलींचे सामने' म्हणायचे. मास्तर निवृत्त होऊन परभणीला गेले, दोन वर्षांनी तिकडंच वारले. फळ्यावरचा फोटो उन्हानं पांढरा पडला आणि नव्या हेडमास्तरांनी तो काढून टाकला. नव्या पोरी आल्या, त्यांना कस्तुरा माहीत नव्हती. सरजाबाईनं मैदानातून जाणंच सोडलं. शेतात जायला ती ओढ्याकडून लांबचा वळसा घालायची.

मला एकच कळत नव्हतं. ज्या बाईनं जळत्या घरातून लेकीला ओढून काढलं ती बाई भिऊन नाव पुसेल?

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा वर्षांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. गावात गडबड नको म्हणून चार दिवस आधीपासून पोलिसांची गाडी शाळेत येऊन उभी होती. गडबड काही झाली नाही. सिताराम औरंगाबादला जाऊन आला, विद्यापीठाच्या दाराशी उभा राहून आला. इकडं पोलिसांना करमेना म्हणून ते चेंडू मागून घेऊन माझ्यावर नेम धरत बसायचे. त्यांचे चेंडू मला फार लागले.

एका पोलिसानं तिथं उभ्या असलेल्या पोरींना विचारलं, "इथं सामने होतात ना गं? कुणाच्या नावानं?"

"कुनाच्याच न्हाई. नुसते मुलींचे."

"असं कसं? कुणीतरी सुरू केले असतील की."

"काय म्हाईत," पोरगी म्हणाली.

अवकाळी पावसानं ओढ्याला त्या दिवसांत चिखल होता, म्हणून सरजाबाई कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन नेमकी मैदानातून चालली होती. तिनं ते ऐकलं. ती थांबली. पेंढी डोक्यावर तशीच. पोलीस म्हणाला, "मावशी, ओझं खाली ठेवा जरा." तिनं ठेवलं नाही. बराच वेळ त्या पोरीकडं बघत उभी राहिली आणि मग गेली.

पुढच्या महिन्यात सामने झाले. अंतिम सामना वालूर आणि बोरी यांच्यात. बोरीच्या पोरींना गीतानंच शिकवलं होतं. सामना संपला, बक्षिसं वाटायची होती, मैदान माणसांनी भरलं होतं. तेव्हा सरजाबाई आली आणि गीताला म्हणाली, "मला त्या भोंग्यावर बोलायचंय."

गीतानं तिच्या हातात माइक दिला. सरजाबाईनं तो भाकरीच्या पिठाचा गोळा धरावा तसा दोन्ही हातांत धरला.

"मी सरजाबाई. कस्तुराची माय." एवढं बोलून ती थांबली. पाच वर्षांत ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "कस्तुरा सिताराम धापसे. माझी लेक. ह्याच मैदानात खेळली, अन् लय लांब लांब जाऊन खेळली. हे सामने तिचे हायत. नाव म्या पुसलं. समद्याला वाटलं भ्यानं पुसलं. भ्या हुतं. पर तेवढंच नव्हतं."

तिनं माइक तोंडाशी आणखी जवळ धरला.

"नाव ऱ्हायलं असतं तर दरसाली नव्या पोरीनं इचारलं असतं, कशानं गेली? म्या काय सांगू? तिला कावीळ झाली. म्या तिच्या गळ्यात माळ घातली, काविळीची. म्हनले, माळ वाढंल तशी कावीळ उतरंल. रोज सकाळी मोजायची मी. आज बोटभर वाढली, आज दोन बोटं. ती म्हनायची, माय, परभनीला दवाखान्यात जाऊ. म्या म्हनले, माळ वाढायलीय, दोन दिस सबर कर. माळ बेंबीपस्तोर आली अन् लेक बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हनला, आठ दिस आधी आनायला पायजे हुतं." तिनं बायांच्या बाजूला तोंड वळवलं. "ती शिकलेली हुती. तिला कळत हुतं. माझं मन राखायला गप ऱ्हायली. बायांनो, तुमच्या लेकीचे डोळे पिवळे दिसले तर माळ घालू नगा. आधी दवाखाना. अन् तिचं नाव घेत जावा. म्या पुसलं, तुमी घेत जावा."

तिनं माइक गीताला दिला. पुढच्या रांगेत म्हातारे झालेले व्यंकटराव खुर्चीवरून उठले. त्यांची काठी खाली पडली, ती उचलायचंही कुणाला सुचलं नाही. मग एकेक करून सगळं मैदान उभं राहिलं. टाळी कुणी वाजवली नाही. बऱ्याच बाया पदरात तोंड घालून रडत होत्या. चार वर्षं मला न कळलेलं त्या दिवशी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं होतं असंही वाटलं. पोरीच्या हाताला दोन बोटं लावून 'आता टाक' म्हणणारी ती कस्तुरा आईला 'आता चल' म्हणू शकली नव्हती.

चैत्रात एक बाई मैदानात आली. वालूरची कडूबाई. बरोबर तिची लेक, वालूरच्या संघात खेळलेली. कडूबाईनं माझ्याखाली उभं राहून सरजाबाईचं घर विचारलं. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. "घरातले माळ घाल म्हनायलेत," ती सांगत होती, "म्हून मी हिला घेऊन निघाले. एकटीला परभनी ठावं न्हाई मला." सरजाबाई चूल तशीच टाकून आली. दुपारच्या एसटीनं तिघी परभणीला गेल्या.

अकरा दिवसांनी सरजाबाई एकटीच एसटीतून उतरली. घरी न जाता मैदानात आली आणि माझ्या खांबाला टेकून खाली बसली. अंत्ययात्रेच्या दिवशी न रडलेली, शिडीवर न रडलेली ती बाई मोठ्यानं, गळा काढून रडली. रडता रडता म्हणत होती, "कडूबाईची वाचली गं, कस्तुरे. तिची पोरगी वाचली. तुलाच कसं नेलं न्हाई मी?"

तिला जवळ घ्यायला मला हात नाहीत. मी नुसतं वर होतं.

आता माझे बोल्ट ढिले झालेत. पाऊस लागून गंज पोटापर्यंत गेलाय, एक सांधा तडकलाय. शाळेला नवं सामान मंजूर झालंय, उन्हाळ्याच्या सुट्टीत मला उतरवतील. उतरवा. चेंडू आत घ्यायचं काम माझ्यापेक्षा नवी रिंग चांगलं करील. मी तक्रार करत नाही.

पण नव्या पाटीसाठी पेंटर सेलूहून येईल तेव्हा कुणीतरी त्याच्याजवळ उभं राहा. नाव मोठ्या अक्षरांत, नीट घालायला सांगा. आणि कस्तुराच्या नावापुढं सितारामचं लिहिण्याआधी थोडी जागा सोडायला लावा. तिथं सरजाबाई लिहा. नाव पुसणारी तीच होती, ते परत आणणारीही तीच.